मयूरच्या नावाची सव्वा मूठ

माझा आजार कानबाईच्या रोटांचे गहू मोजताना पकडला गेला. रक्त, लघवी, छातीचा फोटो हे सगळं त्याआधी करून झालं होतं आणि सगळं नॉर्मल आलं होतं. सुरतेच्या लिंबायत भागातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टॉनिकची बाटली देऊन हात टेकले होते. त्यांना जे सापडलं नाही ते माझ्या चुलतीने, सखूनानीने, बसल्या जागी शोधून काढलं. नानीने शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही हकिगत. इंटरनेट हा शब्द आमच्या गल्लीत कोणी ऐकलाही नव्हता आणि मी त्याच्यापायी अर्धा झालो होतो. तेव्हा वाटायचं, अख्ख्या जगात हा रोग एकट्या मलाच झाला असावा. आता ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे. ओळखीचे लोक आपल्या मुलाला, कधी नवऱ्याला, एकदा तर सासूला घेऊन माझ्याकडे आले. मी डॉक्टर नाही, त्या वाटेने जाऊन परत आलेला माणूस आहे. जेवढं आठवतं तेवढं सांगतो, आणि माझं हसू झालं ते वगळत नाही.

काचेची खोली

पांडेसऱ्यातल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये मी ट्रेसिंग आर्टिस्ट होतो. साडीवर छापायच्या डिझाइनमध्ये जितके रंग तितक्या फिल्म काढाव्या लागतात. लालची वेगळी, पानांच्या हिरव्याची वेगळी, काळ्या रेघेची वेगळी. खालून दिवा लावलेल्या काचेच्या मोठ्या टेबलाभोवती आम्ही सहा जण ब्रश घेऊन बसायचो. काम डोळे फोडणारं, पण तोंड मोकळं. याकूबभाई नावाचे आमच्यातले सर्वांत जुने कारागीर दिवसभर बडबडायचे, कोणी रेडिओ लावायचा, आणि दुपारी एक वाजता त्याच टेबलावर वर्तमानपत्र अंथरून सहा डबे उघडायचे. माझी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी याकूबभाई पळवायचे आणि त्यांच्या घरची डाळ माझ्याकडे सरकवायचे.

मग शेठने कॉम्प्युटर आणला. सहा जणांतून एकाला शिकायला पाठवायचं ठरलं. माझी बारावी झालेली होती, म्हणून मला पाठवलं. तीन महिन्यांचा क्लास करून परत आलो तेव्हा ते टेबल भिंतीला उभं करून ठेवलेलं होतं. बाकीचे पाच जण इकडेतिकडे दुसऱ्या मिलमध्ये लागले होते. मला काचेच्या दाराची एसी खोली मिळाली. चपला बाहेर काढून आत जायचं, आणि मशीनला धूळ चालत नाही म्हणून दुसऱ्या कोणी आत यायचं नाही. घरी माझ्या बायकोने, मंगलाने, गल्लीत पेढे वाटले. मला बढती मिळाली होती, आणि दिवसभरात एक शब्द बोलायला माणूस उरला नव्हता.

परदेशातल्या व्यापाऱ्यांची डिझाइनं लवकर मिळावीत म्हणून पुढे शेठने फोनच्या तारेवरून इंटरनेट घेतलं. जोडणी होताना ते यंत्र आधी किर्र करायचं, मग घसा खाकरल्यासारखा आवाज काढायचं आणि एकदम गप्प व्हायचं. तो आवाज मला इतका आवडायचा की काम नसतानाही मी एकदोनदा उगीच जोडून पाहिलं. तसं पाहता पाहता एक दिवस चॅट रूम सापडली.

माझा स्वभाव मुळातच चौकशा करणारा. सिटी बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचं मूळ गाव, त्याचं दुखणं आणि त्याच्या मेहुण्याचं त्याच्याशी का पटत नाही, हे सगळं उतरायच्या आत मला कळलेलं असतं. इथे तर सगळं जगच शेजारी येऊन बसलं होतं. मांडीवर डिक्शनरी घेऊन, दोन बोटांनी टाइप करत मी विचारत सुटलो. तुमच्या खिडकीतून काय दिसतं? आज काय खाल्लं? बर्फावरून चालताना पायाखाली आवाज होतो का? लोक उत्तरं द्यायचे. होतो, म्हणे, कोरड्या पोह्यांवर पाय पडल्यासारखा. पोहे माझे, बाकी वर्णन त्यांचं.

त्यात एक डोरिस होती. कुठल्याशा थंड मुलुखातली साठीची बाई, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. तिच्या कुत्र्याचे गुडघे दुखायचे. आमच्याकडे सकाळ असायची तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची, याचंच मला कितीतरी दिवस नवल वाटत होतं. एकदा तिने विचारलं, मुलं किती?

‘नाही’ म्हटल्यावर पुढे काय येतं ते मला पाठ होतं. अरेरे. कोणाला दाखवलं का? अमक्या देवीला नवस बोला. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि लिंबायतमध्ये मी तेच ऐकत होतो. बर्फाच्या मुलुखातूनही तेच ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून लिहिलं, एक. मुलगा. नाव? समोर एका रंगाच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं होतं, त्यावर मोर होता. मयूर. वय? चार.

हे चार कुठून आलं, ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मयूर शहाणा होत चालला

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं बोलायचो. दोन महिन्यांत मी खोलीत पाऊल ठेवल्यापासून निघेपर्यंत तारेवर असायचो आणि मधल्या फटीत मिलचं काम उरकायचो. मयूर उलट्या पायांत चपला घालायचा. मयूरला वांग्याची भाजी आवडत नव्हती. उधना रस्त्यावर हत्ती आला तेव्हा मयूरने त्याला केळं दिलं आणि सालही दिली, कारण साल टाकायला डबा सापडेना. गल्लीत पोरांना खेळताना पाहायचं आणि सकाळी त्यांच्या खोड्या मयूरच्या नावावर जमा करायच्या, हा माझा उद्योग झाला. डोरिस हसायची. तिच्यामुळे आणखी दोघंतिघं त्याची चौकशी करू लागले.

एकदा मी लिहिलं, मयूरला ताप आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडणी केली तर चार माणसं माझ्याआधी येऊन बसली होती. उतरला का ताप? मला भरून आलं. आपल्यासाठी कोणी तरी वाट पाहत बसलंय, असं किती वर्षांत झालं नव्हतं, असं मनात आलं. मंगला रोज संध्याकाळी माझ्यासाठी जेवायची थांबायची, ते मी धरलंच नव्हतं.

शरीराने हळूहळू चुगली करायला सुरुवात केली. डबा भरलेलाच घरी यायचा. पट्ट्याला नवीन भोक पाडून तो आवळावा लागला. मनगट दुखायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. सुट्टीच्या दिवशी तर मी सारखं घड्याळ बघायचो. आमच्या गल्लीत दिवसभर लूम खडखडतात, त्या आवाजात मला मध्येच ते किर्र ऐकू यायचं आणि मी मान वळवून पाहायचो. घरी मी ‘हं’ आणि ‘नको’ या दोन शब्दांवर संसार चालवत होतो. मंगला दुपारी घरीच साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायची. संध्याकाळी तिच्या हातांना चिकटलेला गोंद ती काढत बसायची आणि मी भिंतीकडे बघत उद्या मयूर काय करेल ते ठरवत असायचो.

एका डिझाइनची हिरवी फिल्म काढायचीच मी विसरलो. पानं नसलेल्या फुलांच्या साड्या छापून बाहेर पडल्या तेव्हा कुठे लक्षात आलं. शेठ दारातून डोकावले. “भास्करभाई, फोन केम आखो दिवस एंगेज आवे छे?” दिवसभर लाइन का लागत नाही, असं ते विचारत होते. मी म्हणालो, डिझाइन जड असतं, यायला वेळ लागतो. शेठने मान हलवली. यंत्राबद्दल काहीही सांगितलं तरी खपायचं, असा तो काळ होता.

गव्हाची टोपली

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. सुरतेत आलेल्या आम्हा लोकांनी गावाकडची शेतं सोडली, कानबाई सोडली नाही. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी भाऊबंदकीतली सगळी घरं एकत्र येतात आणि घरात जितके पुरुष तितके सव्वा मूठ गहू टोपलीत पडतात. एक मूठ भरून आणि वर थोडे. प्रत्येक मुठीला नाव घ्यायचं. तेच दळायचं, त्याचेच रोट करायचे आणि ते भाऊबंदकीतल्या माणसांनीच संपवायचे. बाहेरच्याला त्यातला तुकडाही देत नाहीत.

त्या सकाळी नानीच्या घरी वीसेक माणसं बसली होती. मंगला बायकांमध्ये डाळ निवडत होती. मिल दोन दिवस बंद होती, म्हणजे माझी तार दोन दिवस तुटली होती, आणि शरीराने तिथे असलो तरी मी मनाने काचेच्या खोलीत होतो. नानी एकेका घराला विचारत माझ्यापर्यंत आली.

“भास्कर, तुन्हा घरमा माणसं कितला?”

माणसं म्हणजे पुरुषमाणसं. “दोन,” मी म्हणालो.

नानीने मूठ भरली. “नाव सांग.”

“भास्कर.”

गहू पडले. नानीने दुसरी मूठ भरली. इतक्या वर्षांत माझ्या घराची कधी दुसरी मूठ नव्हती, पण मोजण्याच्या भरात तिच्याही लक्षात आलं नाही.

“मयूर.”

गहू पडले. मग नानीचा हात टोपलीवर तसाच राहिला. “कोन मयूर? कोना आंडोर?”

आंडोर म्हणजे मुलगा. कोणाचा मुलगा, हे विचारल्यावर मी जागा झालो. मी मंगलाकडे पाहिलं. तिच्या हातातलं सूप खाली ठेवलेलं होतं आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की त्या क्षणी तिने काय समजून घेतलंय ते मला स्पष्ट वाचता आलं. नवऱ्याने बाहेर दुसरं घर केलंय. त्याला मुलगा आहे. म्हणून हा वाळत चाललाय, म्हणून हा बोलत नाही. सगळं जुळत होतं.

माझा एक चुलतभाऊ म्हणाला, ती मूठ काढून टाक ना नानी. नानी त्याच्यावरच उखडली. “पडना तो पडना! कानबाईना टोपलामाईन परत काढतस का?” एकदा पडलं ते देवीचं झालं. मयूरच्या नावाचे गहू दळले गेले, त्यांचे रोट झाले आणि ते आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले. मंगलानेही खाल्ले. सण मोडायचा नसतो म्हणून ते तीन दिवस ती एक अक्षर बोलली नाही.

पोऱ्या दखाडा

चौथ्या दिवशी मंगलाचा भाऊ नंदुरबारहून आला. सरळ माणूस. पाणीही न पिता म्हणाला, “दाजी, पोऱ्या कोठे शे? दखाडा.”

मुलगा कुठे आहे तो दाखवा, एवढंच. मी खरं सांगितलं. पोरगा नाही, बाई नाही, दुसरं घर नाही. कॉम्प्युटरमध्ये लोकांना खोटं सांगत होतो. हे इतकं वाईट खोटं वाटलं की मेहुण्याला माझी दयाच आली. याला साधी थापही मारता येत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. शेवटी शेठला विचारून मी दोघांना सकाळी मिलमध्ये नेलं. चपला बाहेर काढून ते दोघं त्या थंडगार खोलीत अंग चोरून उभे राहिले. मी तार जोडली. किर्र झालं. डोरिस होतीच. पडद्यावर तिची ओळ उमटली: इतके दिवस कुठे होतास, मयूर कसा आहे?

मेहुण्याने मॉनिटरच्या मागे वाकून पाहिलं. तिथे वायरी होत्या. मंगला सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं तिला जुळवता यायची. तिने त्या ओळीवर बोट ठेवून एकच शब्द वाचला. म-यू-र. मग म्हणाली, बंद करा.

बाहेर आल्यावर तिचा राग कमी होईल असं मला वाटलं होतं. खोटा नव्हतो मी, दुसरी बाई नव्हती. पण ती म्हणाली, बाई असती तर तिच्या दारात जाऊन भांडले असते, याच्याशी कुठे जाऊन भांडू? त्याच दिवशी ती भावाबरोबर नंदुरबारला निघून गेली. जाताना मेहुण्याने सांगितलं, आधी डोकं दाखवून घ्या दाजी. बरे झालात तर ती येईल. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर ती आमच्याकडेच राहील.

गुरुवारचं बाकडं

मनाच्या डॉक्टरांचा दिवस गुरुवार होता. दवाखान्याच्या मागच्या अंगाला लांब लाकडी बाकडं, कंपाउंडर नाव पुकारायचा ते अख्ख्या आवाराला ऐकू जायचं. लोक रुमालाने तोंड झाकून बसायचे. पहिल्या दिवशी शेजारी एक म्हातारे गुजराती काका होते, हात सोललेले. त्यांनी विचारलं, “तमने शुं छे?” तुम्हाला काय झालंय? मी म्हणालो, फोनची तार. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, “मारे पाणी.” ते दिवसातून चाळीसदा हात धुवायचे. त्यांना माझं नवल वाटलं नाही, मला त्यांचं वाटलं नाही. कित्येक महिन्यांत समोरासमोर बसलेल्या माणसाशी मी पहिल्यांदाच खरं बोललो होतो. पुढचे सगळे गुरुवार आम्ही एकमेकांसाठी जागा धरून ठेवली.

डॉक्टर निवृत्तीला आलेले, नाकावर चष्मा, बोलणं निम्मं गुजराती निम्मं हिंदी, मध्येच आमच्या लोकांकडून उचललेली मराठी. मी सगळं सांगितलं. मी धरून चाललो होतो की ते एखादं भारी नाव सांगतील, आणि त्या नावाची मला भीती वाटत होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. “आ मारा माटे पण नवुं छे, भाई.” हे माझ्यासाठीही नवीन आहे. मग म्हणाले, मी दारू सोडवली आहे, मटका सोडवला आहे, हे पाहिलेलं नाही. ते यंत्र काय करतं ते मला नीट समजावून सांगा.

मी त्यांच्या कागदावर चित्र काढलं. फोन, तार, समुद्र, डोरिसचं घर. त्यांनी माझ्याइतक्याच चौकशा केल्या. ती बाई खोटं बोलत असेल तर? चेहरा दिसत नाही तर माणूस आवडतो कसा? एका जागी थांबून त्यांनी विचारलं, “आणि त्यांना तुमच्याबद्दल काय काय माहीत आहे?” मी विचार करून म्हणालो, मयूर. बाकी काही नाही.

नाव मिळालं नाही, पण मला वेड लागलेलं नाही हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळालं. झोपेच्या थोड्या गोळ्या आणि एक वही, एवढं घेऊन मी बाहेर पडलो.

त्यांच्या सांगण्यावरून शेठने तार माझ्या खोलीतून काढून पुढच्या ऑफिसात नेली. डिझाइन आलं की तिथला कारकून फ्लॉपीवर आणून द्यायचा. ते पहिले दहा दिवस मी विसरणार नाही. कारकुनाचा गळा धरावासा वाटायचा. त्याहून भीतीदायक एक गोष्ट झाली. एका दुपारी फिल्म काढता काढता माझ्या मनात आलं, इतक्या दिवसांत मयूरला कोणी जेवायला घातलं असेल? क्षणभर मी खरंच काळजीत पडलो होतो. मग मला कळलं मी काय विचार केला ते, आणि मी खुर्चीवरून उठून जमिनीवर बसलो. आपण किती लांब गेलोय ते त्या दिवशी मला कळलं.

एक वाजता

वहीत लिहायचं एवढंच होतं: तारेची ओढ लागली की घड्याळ बघा, आणि त्याच्या मिनिटभर आधी काय करत होतात ते लिहा. औषध वाटावं असं त्यात काही नव्हतं. पण चौकशी करायची सवय मला होती, फक्त ती मी कधी स्वतःवर चालवली नव्हती. दोन आठवड्यांनी पानं चाळली आणि चक्रावलो. सगळीकडे एकच वेळ. एक, एक वाजून पाच, एक वाजून दहा. सकाळची ओढ सौम्य, दुपारी एकची जीवघेणी.

डॉक्टरांनी वही पाहिली. “एक वाजता काय होतं?”

“काही नाही. डबा.”

“कोणाबरोबर?”

मी वही उचलली. त्यांनी कंपाउंडरला पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी डबा उचलला आणि दोन गल्ल्या पलीकडच्या मिलमध्ये गेलो. याकूबभाई तिथे साड्या छापायच्या जाळीच्या स्क्रीन धुवायच्या विभागात लागले होते. इतका हुशार हात, आणि तो आता फक्त स्क्रीन धूत होता. दीड वर्षांत मी त्यांना एकदाही भेटायला गेलो नव्हतो. मला वाटलं होतं, ते तोंड फिरवतील. त्यांनी लांबूनच आरोळी दिली, “आ गया कंप्यूटर साहब! रोटी लाया है की खाली पेपर?” मी भाकरी पुढे केली. ती मी स्वतः थापलेली, एका बाजूला करपलेली. त्यांनी खाल्ली आणि इतकी नावं ठेवली की मला हसता हसता ठसका लागला.

त्यानंतर रोज एक वाजता मी तिथे असायचो. ओढ गेली नाही, पण तिचे दात बोथट झाले. ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांना मी एवढंच सांगतो: तार तोडण्याआधी तो माणूस कोणत्या वेळी तारेकडे जातो ते बघा. त्या वेळी त्याच्या समोरची कोणती खुर्ची रिकामी असते तेही बघा.

डोरिसला पत्र

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी डॉक्टरांनी मंगलाला बोलावलं. ती आली, भावाबरोबर, बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. आधी तिला एकटीला आत घेतलं. मग मला. डॉक्टर म्हणाले, “मी तुम्हाला पहिल्या दिवशी विचारलं होतं, मूल झालं होतं का. तुम्ही नाही म्हणालात.”

“नाहीच झालं.”

“तुमच्या पत्नी म्हणतात, झालं होतं.”

खरं होतं ते. लग्नानंतर दोन वर्षांनी मंगलाला दिवस गेले होते आणि सहाव्या महिन्यात सगळं संपलं होतं. मी त्याला मूल झालं असं कधी म्हटलंच नव्हतं. मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी उभा होतो, आत नानी आणि बाकीच्या बायका होत्या. कोणी तरी बाहेर येऊन म्हणालं, बाई वाचली, बाकी देवाची मर्जी. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. तिला त्रास होईल म्हणून मी गप्प राहतोय, असं मी स्वतःला सांगत होतो.

डॉक्टरांनी शेवटचं काम दिलं: डोरिसला खरं लिहायचं. ते मी नंतर लिहिलं आणि कारकुनाच्या खुर्चीवर बसून पाठवलं. उत्तर आलं नाही. तिला काय वाटलं, ती खरंच बस चालवायची का, कुत्रा खरा होता का, हे कुतूहल मला अजून आहे आणि ते तसंच राहणार.

पण पत्र लिहायच्या आधी मंगला म्हणाली, थांबा. कोणाला मारताय ते तरी मला कळू द्या. तोवर ती नंदुरबारहून परत आली होती, पण कपड्यांची पिशवी तिने सोडली नव्हती, ती दाराशेजारी तशीच होती. मयूरबद्दल लिहिलेलं बरंचसं मी मिलच्या प्रिंटरवर छापून ठेवलं होतं, लाज वाटावी इतका मोठा गठ्ठा. सुट्टीचा दिवस होता. जेवणं उरकून आम्ही खाली सतरंजीवर बसलो आणि मी एकेक पान मराठीत सांगू लागलो.

सुरुवातीला ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. हत्तीच्या केळ्याला तिला हसू आलं, ते तिने दाबलं. मग ती मध्ये बोलू लागली. “चार वरीसना पोऱ्या आसं बोलस का?” इतकं शहाणं बोलत नाही चार वर्षांचं पोर, हे तुम्ही मनचं घातलंय. मी म्हणालो, सगळंच मनचं आहे. ती म्हणाली, तरी. वांग्याची भाजी त्याला आवडायची, असं तिने ठरवून टाकलं, कारण तिची वांग्याची भाजी आवडत नाही असं माणूस अजून जन्माला आलेलं नाही.

मग वाढदिवसाचं पान आलं. डोरिसने तारीख विचारली होती आणि मी पटकन सुचली ती लिहिली होती. दसऱ्याच्या आसपासची. मी ते वाचलं आणि पुढे गेलो. मंगला म्हणाली, परत वाचा. मी परत वाचलं. ती बोटांच्या पेरांवर काही मोजत होती. मोजायची तिला गरज नव्हती, ते महिने तिला पाठ होते. सहावा, सातवा, आठवा, नववा. दसरा. आणि डोरिसला वय सांगितलं तोवरची वर्षं मोजली तर बरोबर चार.

मला खरंच माहीत नव्हतं. मी कधीच मोजलं नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकतो. माझ्या आत कोणी तरी माझ्या नकळत बसून मोजत होतं.

“माले न सांगता,” मंगला म्हणाली, “तुम्ही एकलाच बाप व्हई गयात.”

मला रडू फुटलं. पाच वर्षांचं सगळं एकदम आलं. ती रडत नव्हती. तिने माझ्या मांडीवरचा गठ्ठा उचलला, कडा जुळवून नीट केला आणि बाजूला ठेवला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली,

“पोरगी व्हती.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“आपली. पोरगी व्हती ती. नानीनी दखी, मी दखी.” नानीने पाहिली होती, हिने पाहिली होती. व्हरांड्यात उभ्या असलेल्या मला कोणी सांगितलं नव्हतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही कधी इचारंच नही.”

बर्फावर पाऊल पडल्यावर कसा आवाज होतो ते मी विचारलं होतं. कुत्र्याचा कोणता गुडघा जास्त दुखतो ते विचारलं होतं. आणि या खोलीत, माझ्यापासून हातभर अंतरावर, पाच वर्षं एक बाई सगळं सांगायला बसली होती.

मी डोळे पुसले आणि विचारलं, “कशी होती?”

मंगला सतरंजीवर सरकून जवळ आली आणि सांगू लागली. केसांपासून सुरुवात केली.